हिवतापावरील औषधांची विषबाधा आणि तिच्यावरील उताऱ्यांचे परस्परसंबंध

हैदराबादच्या बेगमपेठेत, सिकंदराबादच्या लष्करी छावणीलगत, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या जठरभित्तीत हिवतापाच्या परजीवीचे काळे रंगकण दिसले आणि ज्या व्याधीने शतकानुशतके गावेच्या गावे ओस पाडली तिच्या प्रसाराचे कोडे सुटले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. शहराने त्या शोधाची स्मृती जपली आहे. नल्लकुंट्याच्या ज्या सरकारी दवाखान्याला लोक फिव्हर हॉस्पिटल म्हणून ओळखतात, त्याच्या अधिकृत नावातही रॉस यांचे नाव आहे. परंतु हिवतापाशी चाललेल्या या प्रदीर्घ संग्रामाला दुसरी एक बाजू आहे, आणि वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांबाहेर तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. ज्या औषधांनी लक्षावधी लोकांचे प्राण वाचवले तीच औषधे मात्रेबाहेर पोटात गेली असता अत्यंत अल्पावधीत प्राणघातक ठरतात. आणि अशा वेळी रुग्णाला वाचवण्यासाठी वैद्य जी दुसरी, तिसरी, चौथी औषधे हाती घेतो, त्यांचा पहिल्या औषधाशी आणि एकमेकांशी जो संबंध जडतो तो कधी तारक, कधी मारक, आणि पुष्कळदा एकाच वेळी दोन्ही असतो. या संबंधांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ हिवतापाच्या मुलखापुरता उरलेला नाही, हे आरंभीच ध्यानात घ्यावयास हवे. १९३४ साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत हान्स आंडरझाग यांनी सिद्ध केलेले क्लोरोक्विन स्वातंत्र्योत्तर काळात आपल्याकडील हिवताप-निर्मूलनाच्या सरकारी मोहिमेचा आधारस्तंभ बनले, आणि त्या गोळ्या खेडोपाडी आरोग्यसेवकाच्या पिशवीतून घराघरांत पोहोचल्या. त्याच कुळातील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आज संधिवाताच्या आणि ल्यूपसच्या रुग्णांना वर्षानुवर्षे दिले जाते. भारतात तर २०१४ पासून मधुमेहातही त्याचा वापर होतो. मार्च २०२० मध्ये करोनाच्या भयाने ते औषध दुकानांतून दिसेनासे झाले आणि अनेकांच्या कपाटांत जाऊन बसले. तात्पर्य, ज्या घरात कोणाला कधी हिवताप झालेला नाही अशा घरातही ही गोळी सापडते. मोठ्या माणसाच्या निरुपद्रवी भासणाऱ्या एक-दोन गोळ्या रांगत्या मुलाच्या तोंडात गेल्या तर त्याच्या जिवावर बेतू शकते, आणि ही गोष्ट त्या गोळ्यांच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेली असावी असे मला अत्यंत तळमळीने वाटते. अजाणता घडणाऱ्या या अपघातांखेरीज, मनाच्या असह्य व्यथेत एखाद्याने हाताशी असलेले औषध घेतल्याचे प्रसंगही दवाखान्यांत येतात. त्या रुग्णाला दूषण देणे हे वैद्याचे काम नव्हे, त्याला वाचवणे आणि पुढे त्याच्या मनाच्या उपचाराची सोय लावणे हेच त्याचे काम होय. केंद्र सरकारची १४४१६ या क्रमांकावरची टेलिमानस सेवा अशांसाठीच उपलब्ध आहे.

औषधांच्या परस्परसंबंधाचा विचार करू लागले की हैदराबादच्याच इतिहासातील आणखी एक प्रकरण अपरिहार्यपणे समोर येते, आणि त्याच्यावर थोडे रेंगाळल्यावाचून पुढे जाववत नाही. १८८८ व १८८९ या दोन वर्षांत सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने येथे दोन क्लोरोफॉर्म आयोग भरले. रेसिडेन्सीचे शल्यवैद्य एडवर्ड लॉरी हे या उपक्रमाचे प्रवर्तक. भूल देताना रुग्ण दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हा त्या काळी युरोपभर गाजलेला वाद होता. लॉरी यांचे मत असे की श्वास आधी थांबतो, म्हणून भूल देणाऱ्याने नाडीवर बोट न ठेवता श्वासावरच लक्ष ठेवावे. पहिल्या आयोगाचा निष्कर्ष लंडनच्या 'लॅन्सेट' नियतकालिकाने शंकास्पद मानला, तेव्हा निजाम सरकारने आपल्या खजिन्यातून एक हजार पौंड देऊन त्या नियतकालिकाचाच प्रतिनिधी हैदराबादेस बोलावला. त्याप्रमाणे लॉडर ब्रंटन येथे आले, शेकडो प्राण्यांवर पुन्हा प्रयोग झाले, आणि स्वतः साशंक असलेले ब्रंटन लॉरी यांच्या मताकडे वळले. क्लोरोफॉर्म देण्याच्या कामात येथील वैद्यकशाळेत शिकलेल्या रूपाबाई फरदूनजी यांनी नाव मिळवले. भूलशास्त्रातील आद्य स्त्री-वैद्यांत त्यांची गणना होते. लॉरी ज्या अफजलगंज दवाखान्यात काम करीत, तो मुसी नदीच्या १९०८ च्या महापुरात उद्ध्वस्त झाला आणि पुढे उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू उभी राहिली.

आयोगाचे प्रयोग प्रामाणिक होते, परिश्रम अपार होते, तरीही निष्कर्ष अपुरा ठरला; आणि तो अपुरा का ठरला हे पाहणे आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी असे दाखवून दिले की हलकी भूल असताना क्लोरोफॉर्मच्या अंमलाखालील हृदयाशी ॲड्रिनलीनची गाठ पडली, तर हृदयाचे खालचे कप्पे विस्कळीतपणे थरथरू लागतात आणि क्षणार्धात मृत्यू ओढवतो. ॲड्रिनलीन बाहेरून टोचावयासच हवे असे नाही. भयाने, वेदनेने ते शरीरातच स्रवते. हैदराबादच्या प्रयोगांत प्राण्यांना बहुधा गाढ भूल दिलेली असे, म्हणून तेथे श्वासच आधी थांबताना दिसला. एकट्या क्लोरोफॉर्मकडे कितीही बारकाईने पाहिले असते तरी हे रहस्य उलगडले नसते, कारण मृत्यूचे बीज दोन द्रव्यांच्या भेटीत होते. हिवतापाच्या औषधांच्या विषबाधेत वैद्यापुढे नेमका हाच प्रश्न असतो, फक्त तेथे द्रव्ये दोन नसून पाच-सहा असतात आणि वेळ घटकाभराचाही नसतो.

क्लोरोक्विनपासूनच आरंभ करू, कारण या सर्व औषधांत तेच अधिक घातक आणि त्याच्यावरील उपचारांतच परस्परसंबंधांची गुंतागुंत सर्वाधिक आहे. पोटात गेल्यावर ते झपाट्याने रक्तात शोषले जाते आणि एक ते तीन तासांत गंभीर चिन्हे उमटू शकतात: गुंगी, आकडी, रक्तदाब एकाएकी कोसळणे, हृदयाच्या विद्युत्-लहरींचा विस्तार, आणि रक्तातील पोटॅशियमची विलक्षण घट. हे औषध शरीराच्या ऊतींमध्ये इतके खोल आणि विस्तृत पसरते की रक्तशुद्धीकरणाच्या यंत्राने ते काढून टाकण्याची आशा व्यर्थ असते. रक्तात त्याचा अल्पांशच उरलेला असतो. म्हणून उपचाराचा सारा भर विष शरीर सोडीपर्यंत हृदयाला आणि श्वासाला आधार देण्यावर असतो.

या उपचाराच्या इतिहासात १९८८ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ब्रुनो रियू आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी अमेरिकेतील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये असा वृत्तांत प्रसिद्ध केला की अतिगंभीर विषबाधेच्या ११ रुग्णांना आरंभापासूनच कृत्रिम श्वासोच्छ्वास, मोठ्या मात्रेत डायझेपॅम आणि ॲड्रिनलीन या तिहींचा एकत्र आधार दिला असता १० जण वाचले. त्याआधीच्या काळातील तशाच गंभीर ११ रुग्णांपैकी केवळ एक वाचला होता. डायझेपॅमची कल्पनाही फार विलक्षण रीतीने पुढे आली. आफ्रिकेतील फ्रेंचभाषी वैद्यांच्या ध्यानात आले होते की ज्या रुग्णांनी क्लोरोक्विनबरोबर डायझेपॅमही घेतलेले असे, त्यांच्या हृदयाची अवस्था अपेक्षेपेक्षा बरी राही. म्हणजे या उपचाराचा उगमच औषधांच्या एका योगायोगाच्या संबंधात आहे. तथापि येथे विवेक सोडून चालणार नाही. पुढे १९९६ साली क्लेमेसी प्रभृतींनी मध्यम तीव्रतेच्या रुग्णांवर डायझेपॅम आणि निष्क्रिय द्रव्य यांची तुलना केली, तेव्हा डायझेपॅमचा वेगळा लाभ दिसून आला नाही. गंभीर रुग्णांत ते नेहमी इतर दोन उपायांसह दिले गेले असल्यामुळे यशाचा वाटा कोणाचा किती, हे आजही निर्णायकपणे सांगता येत नाही. आकडी थांबवण्यासाठी त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. हृदयरक्षक म्हणून त्याचे स्थान मी संभाव्य या कोटीत ठेवीन.

मोठ्या मात्रेतील डायझेपॅम श्वास मंद करते, म्हणून श्वासनलिकेत नळी घालून श्वासाची सोय आधी व्हावी लागते. नळी घालण्यासाठी रुग्णाला भूल द्यावी लागते, आणि नेमक्या याच पायरीवर अनेक ठिकाणी अनर्थ घडला आहे. भूलतज्ज्ञांच्या जुन्या सवयीतले थायोपेंटोन हे औषध हृदयाच्या स्नायूला आणि रक्तवाहिन्यांना शिथिल करते. क्लोरोक्विनही तेच करीत असते. दोघांची भेट झाली की हृदय थांबते. क्लेमेसी यांच्या १६७ रुग्णांच्या पाहणीत हृदय बंद पडलेल्या काही रुग्णांत थायोपेंटोनचे इंजेक्शन त्याच्या अगदी आधी दिलेले आढळले, आणि म्हणून बार्बिट्युरेट वर्गातील भुलीची औषधे अशा रुग्णांत टाळावीत असा स्पष्ट इशारा त्या वैद्यांनी दिला. शुद्धीत असलेला, बोलणारा रुग्ण टेबलावर घेतला आणि भुलीच्या सुईसरशी गेला, तर नातेवाइकांना तो दैवाचा आघात वाटेल. परंतु वैद्याने त्याला दैव म्हणू नये.

तिसरा आधार ॲड्रिनलीनचा. लेव्ही यांच्या प्रयोगांतील मांजरांचे हृदय ज्या द्रव्याने थांबले, तेच द्रव्य येथे तारक ठरते, कारण क्लोरोक्विनने ढिलावलेल्या रक्तवाहिन्या ते आवळते आणि दुबळ्या झालेल्या हृदयस्नायूला बळ देते. परंतु ॲड्रिनलीनचा आणखी एक गुण असा की ते रक्तातील पोटॅशियम पेशींच्या आत ढकलते. क्लोरोक्विननेही पोटॅशियम पेशींतच अडकवून ठेवलेले असते. म्हणजे रक्तदाब सुधारत असतानाच पोटॅशियम आणखी खाली जाते आणि हृदयाची लय बिघडण्याची भीती वाढते. त्यात हृदयालेखावर लहरी रुंदावलेल्या दिसल्या म्हणून वैद्य शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतो. ते हृदयातील सोडियमच्या अडलेल्या वाटा काही अंशी मोकळ्या करते हे खरे, परंतु रक्ताची क्षारता वाढवून तेही पोटॅशियमला पेशींतच लोटते. एका रुग्णात तीन कारणे एकाच दिशेने काम करू लागतात आणि त्यांतली दोन आपणच आणलेली असतात.

मग पोटॅशियम भरून काढावे, असा विचार साहजिकच मनात येतो. येथेही सावधगिरी हवी. या रुग्णाच्या शरीरातील एकूण पोटॅशियम कमी झालेले नसते, त्याचे केवळ स्थलांतर झालेले असते. बाहेरून घाईने आणि मुबलक पोटॅशियम दिले, तर विषाचा अंमल ओसरताच पेशींतले पोटॅशियम रक्तात परतते, बाहेरून दिलेले तेथे आधीच असते, आणि आदल्या संध्याकाळी कमतरतेने धोक्यात असलेले हृदय दुसऱ्या सकाळी आधिक्याने धोक्यात येते. गंभीर घट असेल तर पोटॅशियम द्यावेच, परंतु ते दर थोड्या वेळाने रक्त तपासून आणि सावकाश, इतकेच काय ते म्हणता येते; ठराविक मात्रेचा ठोकताळा येथे चालत नाही. मला स्वतःला या सर्व उपचारात हाच भाग सर्वांत कठीण वाटतो, कारण येथे वैद्याला आकड्याची नव्हे, आकडा कोणत्या दिशेने जाणार आहे याची चिकित्सा करावी लागते.

मात्रेविषयी एक व्यावहारिक सूचना येथेच केलेली बरी. आपल्याकडील क्लोरोक्विन फॉस्फेटच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळीत मूळ द्रव्य १५० मिलिग्रॅमच असते. नातेवाईक वेष्टनावरचा एक आकडा सांगतात, ग्रंथात दुसऱ्या आकड्यावरून हिशेब मांडलेला असतो, आणि या तफावतीत रुग्णाची गंभीरता कमी किंवा अधिक लेखली जाते. रिकामे वेष्टन रुग्णाबरोबर आणणे हे म्हणून कोणत्याही तोंडी हकीकतीपेक्षा मोलाचे आहे.

आता कोयनेल, म्हणजेच क्विनीन. सिंकोनाच्या सालीतून निघणाऱ्या या द्रव्याची आपल्या देशाशी ओळख जुनी आहे. निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सरकारने सिंकोनाच्या बागा लावल्या आणि बंगालमध्ये १८९२ पासून टपालकचेऱ्यांतून पैशाला एक पुडी या दराने कोयनेल विकले जाऊ लागले. कडवटपणामुळे मोठ्या माणसांना नकोसे वाटणारे हे औषध मात्रेबाहेर गेले की कानांत नाद, बधिरता, दृष्टी अंधारणे आणि हृदयाच्या लयीचा बिघाड अशा क्रमाने आपले रूप दाखवते. दृष्टिनाशावर पूर्वी रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे देत आणि मानेतील मज्जातंतूंच्या गाठीला बधिर करणारे इंजेक्शन देत. त्यांचा लाभ सिद्ध झाला नाही, आणि रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध देणे हे तर उघडच घातक आहे. अपायकारक ठरलेला दुसरा जुना उपाय म्हणजे लघवी आम्ल करून विष बाहेर काढणे. लघवीतून कोयनेल थोडे अधिक जाते हे खरे, परंतु रक्ताची आम्लता वाढली की हृदयावरील त्याचा विषारी परिणाम बळावतो. आज याच्या उलट, बायकार्बोनेट देऊन रक्त किंचित क्षारधर्मी ठेवण्याकडे कल आहे, आणि तेथे पुन्हा पोटॅशियमची तीच काळजी घ्यावी लागते. विष लवकर घालवण्याचा यातल्या त्यात सुरक्षित मार्ग सक्रिय कोळशाच्या वारंवार दिलेल्या मात्रांचा आहे. निरोगी स्वयंसेवकांवरील एका प्रयोगात कोयनेलचा अर्धायुःकाल त्यायोगे सुमारे आठ तासांवरून साडेचार तासांवर आला. रुग्णाची शुद्ध हरपत असेल तर मात्र श्वासमार्ग सुरक्षित केल्याखेरीज कोळसा पाजू नये, अन्यथा तो फुप्फुसांत उतरतो.

कोयनेलचे एक निकटचे भावंड, क्विनिडीन, हे स्वतःच हृदयाची लय नियमित करणारे औषध म्हणून एके काळी वापरात होते. यावरून एक निष्कर्ष आपोआप निघतो, पण धावपळीत तोच विसरला जातो: प्रोकेनामाइड, डिसोपिरामाइड यांसारखी त्याच धर्माची औषधे आणि विद्युत्-लहरी लांबवणारे अमिओडरोन ही कोयनेलच्या विषबाधेत लय सुधारण्यासाठी देणे म्हणजे त्याच विषाची मात्रा वाढवणे होय. डिगॉक्सिन घेणाऱ्या हृदयरोग्याच्या बाबतीत कोयनेल त्या औषधाचे उत्सर्जन अडवून रक्तातले त्याचे प्रमाण वाढवते, म्हणून अशा रुग्णात दोन विषबाधा एकत्र नांदत असू शकतात.

रक्तशर्करेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. कोयनेल स्वादुपिंडाला उत्तेजित करून इन्सुलिन स्रवावयास लावते, त्यामुळे साखर घसरते. ग्लुकोजचे सलाईन लावले की साखर वर येते, परंतु ती साखरच स्वादुपिंडाला पुन्हा चेतवते आणि तासाभराने घसरण परत येते. भरीला इन्सुलिनही पोटॅशियमला पेशींत ओढते. हे चक्र थांबवण्यासाठी इन्सुलिनचा स्राव दाबणारे ऑक्ट्रिओटाइड उपयोगी पडते, हे गेल्या शतकाच्या नवव्या दशकात दाखवले गेले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मधुमेहाच्या इतर गोळ्यांबरोबर घेणाऱ्या रुग्णाने जर अनेक गोळ्या एकदम घेतल्या असतील, तर साखरेची ही घसरण कोणत्या गोळीची, याचा निवाडा करण्यापूर्वी घरातील सर्व औषधांची यादी हाती असावयास हवी.

प्रायमाक्विनची विषबाधा अगदी निराळ्या जातीची. ती हृदयावर न उतरता रक्तावर उतरते: रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप पालटून ते प्राणवायू वाहण्यास असमर्थ होते, ओठ-नखे निळीकाळी पडतात, आणि बोटाला लावलेले यंत्र खरी अवस्था दाखवीत नाही. याच्यावरील उतारा मिथिलीन ब्ल्यू. हा निळ्या रंगद्रव्याचा उतारा स्वतःच हिवतापावरचे पहिले कृत्रिम औषध होता. १८९१ साली बर्लिनमध्ये पाउल एर्लिख आणि पाउल गुटमन यांनी हिवतापाच्या दोन रुग्णांना तो दिला होता, आणि रक्ताच्या काचपट्टीवर परजीवी उठून दिसावा म्हणून जे रंग वापरतात त्यांतही हेच द्रव्य असते. परंतु त्याला काम करण्यासाठी रक्तपेशीतील जी-६-पीडी या विकराचे साहाय्य लागते. ज्यांच्यात तो विकर जन्मतः उणा आहे, आणि पारशी समाजात व कित्येक आदिवासी जमातींत असे लोक अधिक आढळतात, त्यांना प्रायमाक्विननेच रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. त्यांना मिथिलीन ब्ल्यू दिले तर उतारा तर लागू पडत नाहीच, पेशी मात्र अधिक फुटतात. याखेरीज नैराश्यावर सिरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीला मिथिलीन ब्ल्यूने ताप, कंप आणि भ्रम यांची एक गंभीर अवस्था जडू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने २०११ साली दिला. जाणूनबुजून औषध घेतलेल्या व्यक्तीला आधीपासून नैराश्याचे उपचार चालू असणे किती संभवनीय आहे, हे सांगावयास नको.

कुष्ठरोगावर दीर्घकाळ वापरले गेलेले आणि हिवतापाच्या काही संयुक्त औषधांतही आलेले डॅप्सोन हेही रक्तावर असाच परिणाम करते. तेथे सिमेटिडीन हे जुने आम्लपित्ताचे औषध उपकारक ठरते, कारण ते यकृतात डॅप्सोनचे विषारी रूपांतर कमी करते. तेच सिमेटिडीन क्लोरोक्विनचे यकृतातील विघटन मंदावून त्याचा शरीरातील मुक्काम वाढवते. एकाच गोळीचे हे दोन चेहरे पाहिले म्हणजे, विष कोणते याची निश्चिती होण्यापूर्वी 'पोटासाठी काहीतरी' म्हणून औषध देण्याची आपल्याकडील सवय किती घातक आहे हे कळते.

मेफ्लोक्विन, पायरिमेथामिन आणि आर्टेमिसिनिन-वर्गीय औषधे यांच्याविषयी थोडक्यात सांगता येईल. मेफ्लोक्विन शरीरात आठवडेच्या आठवडे राहते, म्हणून मागील महिन्यात घेतलेले मेफ्लोक्विन आणि आज दिलेले कोयनेल यांची हृदयात गाठ पडू शकते. पायरिमेथामिनच्या अतिमात्रेत लहान मुलांना आकडी येते. तेथे डायझेपॅम योग्य, फेनिटॉइन मात्र फोलेटचा तुटवडा वाढवणारे म्हणून गैरसोयीचे, आणि उतारा फोलिनिक आम्लाचा. आर्टेसुनेट आणि त्याचे सोबती अतिमात्रेतही तुलनेने सौम्य आहेत, ही या क्षेत्रातली दिलासा देणारी बाब.

राहता राहिली ती किरकोळ भासणारी औषधे. विषबाधेच्या रुग्णाला उलट्या होतात, म्हणून ऑन्डॅन्सेट्रॉन टोचले जाते. तो अस्वस्थ असतो, म्हणून हॅलोपेरिडॉल. फुप्फुसांत काही गेल्याचा संशय, म्हणून ॲझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन. या प्रत्येकात हृदयाच्या लहरींचे मध्यंतर लांबवण्याचा गुण आहे आणि क्लोरोक्विन व कोयनेल तेच करीत असतात. २०२० साली हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि ॲझिथ्रोमायसिन यांची जोडी करोनावर जगभर दिली गेली, तेव्हा हृदयाच्या लयीच्या बिघाडाच्या वार्ता इतक्या आल्या की अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने २४ एप्रिल २०२० रोजी रुग्णालयाबाहेर हे औषध न वापरण्याची ताकीद दिली. नेहमीच्या मात्रेत जे घडले ते अतिमात्रेत किती पटींनी घडेल, याचा अदमास कोणालाही करता येईल. रुग्णालयात येण्यापूर्वी घरी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रघातही याच सदरात मोडतो. आकडी कोणत्याही क्षणी येणार असते आणि मिठाचा अतिरेक स्वतःच एक विषबाधा असतो.

या सर्व विवेचनाचा दवाखान्याच्या व्यवस्थेशी साक्षात संबंध आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेतूनच सुरू झाली आणि पुढे अनेक राज्यांत पसरली. महाराष्ट्रात ती २०१४ साली आली. महाराष्ट्रातील हिवतापाचा फार मोठा भार आज गडचिरोली जिल्हा वाहतो. त्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंचाहून नदी ओलांडली की तेलंगण लागते. नांदेड, देगलूर, उदगीर या बाजूंचे रुग्ण तर निजामी अमलापासूनच्या जुन्या वहिवाटीने हैदराबादेस येत आले आहेत. असा रुग्ण तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याच्या, आणि तेथून निजाम्स इन्स्टिट्यूट किंवा उस्मानिया रुग्णालयाच्या दारी पोहोचेतो तीन-चार हातांतून गेलेला असतो, आणि प्रत्येक हाताने सद्भावनेने काहीतरी दिलेले असते. शेवटच्या वैद्याला रुग्णाने काय घेतले ते बहुधा सांगितले जाते. वाटेत काय दिले ते सांगितले जात नाही. बायकार्बोनेट दिले की नाही, दिले तर कधी, पोटॅशियम किती चढवले, उलटीसाठी कोणते इंजेक्शन झाले, हे ठाऊक नसेल तर पोटॅशियमच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही आणि हृदयालेख पाहून विषाचा दोष कोणता व उपचाराचा कोणता हे ठरवता येत नाही.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १८००११६११७ या क्रमांकावर कोणत्याही वैद्याला अहोरात्र सल्ला देते, आणि लहान दवाखान्यांतील डॉक्टरांनी पहिली सुई टोचण्यापूर्वी तेथे विचारण्यात कमीपणा मानू नये. त्याबरोबरच, रुग्णाला पुढे पाठवताना जी चिठ्ठी देतात तीत गोळीचे नाव, क्षार की मूळ द्रव्य यांचा उल्लेख, घेतल्याची अंदाजे वेळ, रुग्णाची नेहमीची औषधे आणि वाटेत दिलेले प्रत्येक औषध वेळेसह, एवढ्या नोंदींसाठी छापील रकाने असावेत, आणि तीच चिठ्ठी मराठी, तेलुगू व उर्दू मुलखांतील सरकारी दवाखान्यांत आणि १०८ च्या गाड्यांत एकसारखी वापरली जावी, अशी मागणी महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही सरकारांच्या आरोग्य खात्यांकडे येथील वैद्यक-संघटनांनी संयुक्तपणे रुजू करावी.